फाटकाबाहेरचे रविवार

अहो, रविवारी मी ऑटोनं चर्चला गेले. ऑटोवाला म्हणाला, "महाकाल की तरफ जाम है आंटी, घूम के ले चलूँ?" मी म्हटलं, चल. आणि मग नानाखेड्यापासून थेट चर्चपर्यंत मला राग येत राहिला. त्या बिचाऱ्याचा नाही, तुमचा. इतकी वर्षं तुम्ही मला स्कूटरवर मागं बसवून नेलंत, फाटकाशी उतरवलंत आणि एकदाही आत आला नाहीत. आता न्यायलाही नाही. हे काही बरोबर केलं नाहीत.

घरी येणारे लोक मला सांगतात, रडून घ्या, मन मोकळं होईल. मला रडायचं नाहीये. मला भांडायचंय. आपलं एक भांडण अर्ध्यावर राहिलंय आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. चर्चच्या कमिटीतून उठून गेला होतात तसे.

परवा कुणीतरी म्हणालं, "शांतवन भाई का नाम ही कितना अच्छा था, कितने शांत चले गए।" मी मान हलवली. मनात म्हटलं, यांनी तुम्हाला पाहिलंच नाही. शांतवन! तुमच्या आईनं काय बघून हे नाव ठेवलं होतं, देव जाणे. तुम्ही प्रार्थनासुद्धा एका जागी बसून केली नाहीत. गच्चीवर हात मागं बांधून फेऱ्या मारायचात. रेल्वेच्या सिग्नल खात्यात आयुष्यभर रुळांच्या कडेनं चाललात, देवाशी बोलतानाही तीच चाल. मी एकदा म्हटलं, "बसून नीट डोळे मिटून करा की." तर म्हणालात, "बसून काय? तो काय डॉक्टर आहे, नंबर लावून बसायला?"

आणि करायचात मराठीत. तुम्ही मनमाडचे, मी जालन्याची, लग्न होऊन इथं आलो तेव्हा चर्चमध्ये सगळं हिंदीत. मला दोनतीन महिन्यांत सवय झाली. तुम्हाला कधी झालीच नाही. तुम्ही म्हणायचात, "सुमन, मला हिंदीत पाप कबूल करता येत नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी पाप सांगतोय असं वाटतं."

पण तेव्हा तुम्ही आत होतात, हे नव्या लोकांना माहीतच नाही. पंखे बिघडले की तुम्ही, माइक बिघडला की तुम्ही. नाताळच्या आधी आठवडाभर तुमची शिडी चर्चमध्येच असायची. कमिटीत होतात. गाण्यात तुमचा तो जाडाभरडा आवाज, सुरात नसलेला, पण सगळ्यांच्या खाली घोंगडी अंथरल्यासारखा. पुढच्या बाकावर बसूनही मला कळायचं, तुम्ही मागं कुठं उभे आहात ते.

मग गेंदाबाईचं झालं.

आपली कृपा तेव्हा शाळेत होती. गेंदाबाई भैरवगढहून यायची. छापलेल्या चादरी धुण्याचं काम करायची, त्यामुळं तिचे हात मनगटापर्यंत लाल-काळे असायचे. सगळ्यात मागच्या बाकावर, दाराजवळ बसायची. कुणी तिला आणलं नव्हतं. तीच एकदा आली आणि मग येत राहिली. बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. विचारलं की म्हणायची, "छोटी की शादी हो जाए, फिर।" प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीच्या तुकड्यांचं आणि द्राक्षरसाचं ताट मागच्या बाकापर्यंत आलं की ती मान खाली घालायची, ताट पुढं जायचं.

तिच्या पोटात गाठ झाली. एका दुपारी तिची धाकटी मुलगी आपल्याकडे आली. आईचा निरोप होता. गेंदाबाईनं म्हणून पाठवलं होतं, "म्हारे भी वा रोटी चइये, जो तम लोग खाओ। एक बार।"

तुम्ही तसेच पास्टरकडे गेलात. त्या वेळचे पास्टर चांगले होते. मी आजही म्हणते, चांगले होते. ते म्हणाले, बाप्तिस्मा नाही तर प्रभुभोजन देता येत नाही. बाप्तिस्मा द्यायचा तर घरच्यांची संमती हवी, शिकवणी हवी. तुम्ही म्हणालात, "शिकवणी? ती पुढच्या रविवारपर्यंत राहते की नाही, माहीत नाही." त्यांनी कमिटीपुढं विषय ठेवला. कमिटीचे अध्यक्ष मसीह साहेब म्हणाले, "शांतवन भाई, आज एक के लिए तोड़ेंगे, तो कल किस मुँह से मना करेंगे?"

तुम्ही घरी आलात. मी पोळ्या करत होते. म्हणालात, "एक पोळी दे." मला वाटलं भूक लागली. मी तूप लावायला घेतलं तर म्हणालात, "तूप नको." पोळी रुमालात गुंडाळलीत आणि फ्रीजमधून कृपाची द्राक्षाच्या सरबताची बाटली काढलीत, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मी म्हटलं, "अहो, हे करू नका. हा अधिकार आपला नाही."

तुम्ही म्हणालात, "माहीत आहे." आणि स्कूटर सुरू केलीत.

तिथं काय झालं ते तुम्ही मला आल्यावर सांगितलंत, दारातच, चपला न काढता. ती अंगणात खाटेवर होती. नवरा शेजारी बिडी ओढत बसला होता. तुम्ही त्याला विचारलंत. तो म्हणाला, "कर लो भैया, इसका मन है।" तुम्ही मराठीत प्रार्थना केलीत. तिला त्यातलं काय कळलं असेल! मग पोळीचा तुकडा मोडून तिच्या हातावर ठेवलात. तिनं त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "इत्ती-सी?"

हे सांगताना तुम्ही हसत होतात आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "इत्ती-सी म्हणाली ग. इतकी वर्षं लांबून बघत होती ना, तिला वाटलं असेल आपण आत पोटभर जेवतो." मग तुम्ही तिला तुकड्या-तुकड्यानं आणखी दिलीत. तिनं अर्धी पोळी खाल्ली. तिनं बरेच दिवस काही खाल्लं नव्हतं, तिची मुलगी म्हणाली.

त्याच आठवड्यात ती गेली. तिच्या घरच्यांनी त्यांच्या पद्धतीनं नदीवर नेलं, तुम्हीही गेलात.

हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण तुम्ही गप्प बसणारे कुठं! पुढच्या रविवारी साक्ष देण्याच्या वेळी उभे राहिलात आणि सगळं सांगितलंत. पोळीसकट, सरबतासकट. चर्चमध्ये तुम्ही दुरुस्त केलेला तो पंखा तेवढा कटकट करत होता.

कमिटीनं बोलावलं. मीही आले, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. मसीह साहेब म्हणाले, "माफ़ी माँग लीजिए, बात ख़त्म।" तुम्ही म्हणालात, "माँग लूँगा। किस बात की, वह बता दीजिए।" त्यांनी सांगितलंही, नियम वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, "यह तो नियम है। मैं ग़लती पूछ रहा हूँ।" मग ठरलं, माफी मागेपर्यंत तुम्हाला प्रभुभोजन बंद.

तेव्हा मी उठले. म्हटलं, "रोटी मेरी थी। मेरा भी बंद कीजिए।"

मसीह साहेब हसले. वाईट हसले नाहीत, एखाद्या लहान मुलीकडे बघून हसावं तसे. "बहनजी, आप बैठिए। आपसे किसी को शिकायत नहीं है।"

बाहेर रस्त्यावर आल्यावर तुम्ही पोट धरून हसलात. "बघ, तुझ्या पोळीला कुणी मोजतच नाही!" मला नाही हसू आलं. अजूनही येत नाही. त्या दिवशी त्यांनी तुम्हाला शिक्षा केली, पण मला तर कुणी काही समजलंच नाही. तुम्हाला राग करायला जागा मिळाली. मला ती पण नाही. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं का? सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, मग तूही नको जाऊस. आणि मला जायचं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही सकाळी इस्त्रीचा शर्ट घातलात, स्कूटर काढलीत. मला वाटलं, राग गेला. फाटकाशी थांबलात आणि म्हणालात, "उतर."

"आणि तुम्ही?"

"मी समोर चहा पितो."

"लोक काय म्हणतील?"

"जे म्हणायचं ते म्हणतील. मी बाहेर थांबतो. तो यायचा असला तर फाटकातूनच येईल ना, मला दिसेल."

मला इतका संताप आला. मी म्हटलं, "तो आतच आहे."

"मग तुला भेटेलच. माझा नमस्कार सांग."

असे किती रविवार गेले. तुम्ही समोरच्या टपरीच्या बाकावर, मी आत. सुटल्यावर मी बाहेर आले की आधी तुम्ही गाण्याची समीक्षा करायचात. "दुसरं कडवं ओढलंत आज. आणि तो नवीन ढोलकवाला घाईत आहे, त्याला गाडी पकडायची आहे का?" मग फ्रीगंजला भाजी, मग घर. घरी आल्यावर मी स्वयंपाक करायचे, तुम्ही गच्चीवर फेऱ्या मारायचात. तुमची उपासना ती. वर तुमच्या चपलांचा आवाज, खाली माझ्या कुकरच्या शिट्ट्या.

तुम्ही मला एकदाच गंभीरपणे विचारलं होतंत. कृपा इंदूरला नोकरीला लागली त्याच्या आसपास. "सुमन, खरं सांग. तू का जातेस?"

मी म्हटलं, "कारण मला एकटीला प्रार्थना करता येत नाही. शब्दच सापडत नाहीत. शेजारी कुणी खोकलं, बाक करकरलं, कुणाचं पोर रडलं, की मला जमतं. तुम्ही देवाशी बोलता. मी लोकांमध्ये बसून देवाला ऐकू येईल असं बघते."

तुम्ही म्हणालात, "हे बरोबर आहे. पण ते लोक चुकीचे आहेत."

मी म्हटलं, "कृपाला टायफॉइड झाला तेव्हा रोज सकाळी तिच्याजवळ येऊन कोण बसायचं? मला शाळेत शिकवायला जायचं होतं, तुमची ड्यूटी. एलिझाबेथ आंटी बसायच्या. ती चर्चची मंडळी."

"ती एलिझाबेथ आंटी. मंडळी नव्हे."

"आणि एलिझाबेथ आंटींना आपलं घर कसं माहीत झालं? रस्त्यात भेटल्या होत्या का?"

तुम्ही म्हणालात, "चहा कर." म्हणजे मी जिंकले होते. पण तुम्ही हरलात असंही नाही, हे मला माहीत आहे, म्हणून तर अजून झोप येत नाही.

एक गोष्ट मात्र मी तुम्हाला तोंडावर सांगितली होती, आत्ताही सांगते. तुमच्याकडे गल्लीतली माणसं येऊन प्रार्थना करा म्हणायची, कुणाचा मुलगा परीक्षेला, कुणाची सासू दवाखान्यात. सगळ्यांना तुम्ही हो म्हणायचात, गच्चीवर त्यांची नावं घेऊन चालायचात. आणि मसीह साहेब फ्रीगंजमध्ये समोरून दिसले की रस्ता ओलांडायचात. एकदा तर भर उन्हात, रहदारीतून, ट्रकवाल्याच्या शिव्या खात. मी म्हटलं, "हा तुमचा ख्रिस्त?" तुम्ही म्हणालात, "त्याचा दोष नाही. हा मीच आहे." एवढं कबूल करायचात आणि पुढच्या वेळी पुन्हा रस्ता ओलांडायचात. तुम्ही संत नव्हतात. आता लोक बोलायला लागलेत तसं, म्हणून सांगून ठेवते.

किडन्या गेल्या तेव्हा तुम्ही पहिल्यांदा एका जागी बसलात. आणि तेव्हाच नवीन पास्टर यायला लागले. झाबुआकडचे, कोवळे, बोलायच्या आधी दोनदा गळा साफ करणारे. तुम्ही त्यांना पहिल्या दिवशी म्हणालात, "मैं आपके चर्च का मेंबर नहीं हूँ।" ते म्हणाले, "मालूम है अंकल। आंटी हैं। मैं आंटी के घर आया हूँ।" मला बरं वाटलं. मी त्यांना पोहे दिले. ते दर आठवड्याला यायला लागले आणि तुम्ही त्यांना हैराण करायला लागलात. नरक आहे का, असला तर तिथं दिवे कोण दुरुस्त करतो, असलं काहीतरी. ते हसायचे. कधी म्हणायचे, "नहीं मालूम, अंकल।" तुम्हाला ते आवडायचं, लपवत होतात तरी मला दिसायचं.

मग एका दुपारी ते प्रभुभोजनाची छोटी पेटी घेऊन आले. टेबलावर ठेवली. म्हणाले, "अंकल, मैंने कमिटी से बात कर ली है। किसी को आपत्ति नहीं। आप चाहें तो।"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. चौकट धरून. मी त्या क्षणी देवाला जे म्हटलं त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही, नुसतं त्यांना घे म्हण, घे म्हण, असं चाललं होतं.

तुम्ही त्या पेटीकडे बघितलंत. मग त्यांना गेंदाबाईची सगळी गोष्ट सांगितलीत. आणि विचारलंत, "आप होते, तो देते?"

त्यांना खोटं बोलणं किती सोपं होतं! आजारी माणूस आहे, हो म्हटलं तर सगळ्यांचंच भलं. ते म्हणाले, "नहीं दे पाता, अंकल। मैं नियम के नीचे हूँ। पर जाता ज़रूर। उसके पास बैठता।"

तुम्ही डोळे मिटलेत. म्हणालात, "तो बैठो।"

पेटी उघडली नाही. ते बसले. ऊन भिंतीवरून खाली सरकेपर्यंत बसले, तुमचा हात हातात घेऊन. मग पेटी उचलून गेले.

ते गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "खरं बोलला पोरगा. जातो म्हणाला. तेवढंच त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर..." आणि थांबलात. मला वाटलं दम लागला. पाणी दिलं. तुम्ही वाक्य पूर्ण केलं नाहीत आणि मी विचारलं नाही. म्हटलं, उद्या विचारू. तर काय, अहो? तर तुम्ही आत गेला असतात? माफी मागितली असतीत? मी ते वाक्य रोज वेगवेगळ्या तऱ्हेनं पूर्ण करते आणि एकही तऱ्हा तुमच्यासारखी वाटत नाही.

तुम्ही गेलात त्या सकाळी कृपा आलेली होती. तुम्ही तिला खिडकी उघडायला सांगितलीत, तिनं उघडली, आणि वळून बघितलं तर संपलं होतं. एवढंच.

मग माझ्यापुढं प्रश्न आला. तुम्ही सांगून ठेवलं होतंत, "मला गाडा, जाळा, काही करा. परवानगी मागायला कुणाच्या दारात जायचं नाही." आणि कबरस्तान चर्चचं. मेंबर नसलेल्याला तिथं जागा द्यायची की नाही, ते कमिटी ठरवते. मसीह साहेब अजूनही अध्यक्ष.

मी गेले. तुमच्या मनाविरुद्ध. शेजारच्या मुळेबाईंना तुमच्याजवळ बसवलं आणि कृपाला घेऊन माधव नगरला त्यांच्या घरी गेले. रस्त्यात कृपा म्हणाली, "आई, बाबांना आवडलं नसतं." मी म्हटलं, "बाबांना विचारायला ते आहेत का? मला उद्या त्यांच्याशेजारी झोपायचंय. त्यांना कुठं रेल्वेलायनीच्या कडेला पुरलं, तर मी काय तिकडं जाऊ?"

मसीह साहेब आता वॉकर धरून चालतात. दार त्यांनीच उघडलं. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, सगळी वाक्यं पाठ करून. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, "शांतवन के लिए जगह पूछने आई हो?"

"जी।"

"पूछना क्या है? उसने मुझसे बात नहीं की, मैंने उससे नहीं की। लड़ाई हमारी थी, तो आदमी भी हमारा है। कब्र खुदवाओ।" मग खुर्चीत बसता बसता म्हणाले, "मैं आज भी वही कहता, बहनजी, जो उस दिन कहा था। पर उसके बाद गाने में वह मोटी आवाज़ नहीं रही। इतने साल। किसी ने वह जगह नहीं भरी।"

मी उठले. जिन्यावर कृपानं माझा दंड धरला, तेव्हा मला कळलं की मी रडते आहे. तेवढीच एकदा रडले.

तर तुम्ही आत आहात आता. फाटकाच्या आत, कडुनिंबाखाली, काळ्या मातीत. सगळ्यांनी मूठ-मूठ माती टाकली. पास्टरनी हिंदीत सगळा विधी केला, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आंटी, आप कुछ कहेंगी? मराठी में कहिए।" मी तोंड उघडलं. काही आलं नाही. इतके लोक होते, खोकणारे, नाक ओढणारे, सगळे माझ्या सवयीचे आवाज, आणि तरी एक शब्द आला नाही. शेवटी पास्टरनीच आशीर्वाद म्हटला आणि लोक परतले.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. मी तुम्हाला तिथं नेलं ते तुमच्यासाठी की माझ्यासाठी? तुम्ही वर्षानुवर्षं एक जागा धरून बसला होतात, आणि तुम्हाला उठून बोलता येत नाही म्हटल्यावर मी तुम्हाला उचलून माझ्या बाजूला आणलं, असं तर नाही? की मसीह साहेब म्हणाले तेच खरं, की तुम्ही कधी बाहेर नव्हतातच? रविवारी ताट आलं तेव्हा मी प्रभुभोजन घेतलं. घेताना तुमच्यावर रागावलेलीच होते. तसं घेऊ नये म्हणतात. घेतलं.

आणि आता कालचं ऐका.

दुपारी मुळेबाई आल्या. तुम्ही त्यांना ओळखता, पण मीही त्यांना कालच जरा ओळखलं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दरबारातली कारकुनी, देवघर एवढं मोठं की त्यात आपली खोली मावेल. तुम्ही गेलात त्या दिवशी त्या तुमच्याजवळ बसल्या होत्या, नंतर तीन दिवस आपल्याकडे पिठलं-भात पाठवत होत्या. काल त्या दारात उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्यांच्या वैशालीला देवासहून तातडीनं इंदूरला हलवलंय. सातवा महिना, रक्तदाब चढलाय, डॉक्टर म्हणतात बाळ आत्ताच काढावं लागेल. जावई तिथं आहेत, मुळेकाका निघालेत, मुळेबाईंना गुडघ्यामुळं जाता येत नाही.

म्हणाल्या, "शांतवनराव असते तर त्यांनाच सांगितलं असतं. वैशालीच्या पहिल्या वेळेलाही मी त्यांना सांगितलं होतं. गणपतीला तर सांगतेच हो, पण त्यांच्याकडूनही प्रार्थना करून घ्यायचे."

मी म्हटलं, "मी पास्टरना फोन करते. ते लगेच येतील."

"पास्टर कशाला? त्यांना कुठं आमची वैशाली माहीत! तुम्हीच करा ना."

मी त्यांना सांगणार होते की मला येत नाही. पण बाईच्या तोंडाकडे बघून ते सांगता येईना. दोघी सोफ्यावर बसलो. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, हात जोडले, डोळे मिटले आणि वाट बघत राहिल्या. मला काही सुचेना. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मुळेबाईंचा श्वास लागलेला ऐकू येत होता, दम्याची बाई ती. मी म्हटलं, "प्रभू." मग थांबले. मग म्हटलं, "प्रभू, ही मुळेबाईंची वैशाली. शाळेत माझ्याकडे होती, अक्षर वाईट होतं, पण मनानं चांगली आहे. ती घाबरली असेल. तिच्याजवळ बस." आणि मग पुष्कळ काही बोलले, काय ते आठवत नाही. बाळाचं बोलले, डॉक्टरांचं बोलले, मुळेकाकांच्या बसचंसुद्धा बोलले. कसं थांबायचं तेच कळेना, म्हणून थांबले.

मुळेबाईंनी एक डोळा उघडला. "झालं?"

"झालं."

"आमेन म्हणायचं असतं ना?"

"हो."

"आमेन," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या मागून म्हटलं.

संध्याकाळी इंदूरहून फोन आला. मुलगा झालाय, मुठीएवढा आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय. वैशालीचा रक्तदाब अजून उतरत नाही, तिला आयसीयूत ठेवलंय. मुळेबाई मला सांगायला आल्या, तेव्हा त्यांना धड हसताही येत नव्हतं, रडताही येत नव्हतं. जाताना दारातून वळून म्हणाल्या, "उद्या दुपारी पुन्हा येते. वैशाली घरी येईपर्यंत रोज करू. तुम्हाला वेळ आहे ना?"

मी आहे म्हटलं.

आत्ता दुपार व्हायला आलीय. सकाळपासून मी हात पुसतेय, उशा नीट करतेय, आज काय बोलायचं ते मनात जुळवतेय, आणि जुळलेलं सगळं विसरतेय. एकटीनं शब्द शोधायची मला सवय नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणाल, एकटी कुठं आहेस, दोघी आहात की.

अहो, मी इतकी वर्षं दुसरं काय म्हणत होते?